गुंजेहून कमी

जांभळी नाक्यावरच्या आमच्या दुकानासमोरची माती
दर सहा महिन्यांनी झारेकरी घेऊन जातो.
पायपुसणंसुद्धा धुतो, गटारात कोपरापर्यंत हात घालतो,
आणि वाटाण्याएवढं सोनं काढून दाखवतो.
म्हणून ‘काहीच नाही’ या शब्दावर
माझा लहानपणापासून विश्वास नाही.

तरी रुंजीच्या वेळी चुकलो.
नऊ महिन्यांची होती. सकाळचा चहा पिऊन
मी तिच्या गालाचा पापा घेतला,
आणि माझ्या ओठांच्या मापाची गांध उठली,
मिशीच्या रेघेसकट, शिक्का मारल्यासारखी.
मग डोळा मिटला. मग श्वासात शीळ वाजायला लागली.
रिक्षावाला, कोण होता देव जाणे,
तलावपाळीवरून उलट्या दिशेने घुसला.

त्या रात्री मिशी काढली.
घरातून दूध गेलं, तूप गेलं, अंडी गेली,
देव्हाऱ्यातलं पंचामृत गेलं. आई म्हणाली,
चालेल त्याला, मी विचारलंय.
पाकिटांवरची बारीक अक्षरं
सुनीती माझ्या भिंगातून वाचायची,
हिऱ्यात डाग शोधावा तशी.

आज पाच वर्षांनी, घोडबंदर रोडच्या हॉस्पिटलात,
येऊरच्या डोंगराकडे तोंड केलेल्या खाटेवर
रुंजी बसलीय. दंडाला पट्टा, बोटाला लाल दिवा.
डॉक्टरबाई म्हणाल्या, बघू या
कितीपर्यंत हिचं शरीर ऐकून घेतं.
ट्रेमध्ये बिनसुईच्या सिरिंजा ओळीने,
शेजारी सुईसकट एक, झाकलेली.
तिच्याकडे मी बघितलं नाही.

पहिला डोस, मिलीचा दहावा भाग.
माझ्या हिशोबाने एक गुंजसुद्धा भरणार नाही.
लिसम्मा सिस्टरने तो ओठाच्या आत सोडला.
वीस मिनिटं थांबायचं.
काटा स्थिर होईपर्यंत दुकानात मी श्वास रोखतो,
फुंकरीनेही आकडा हलतो.
वीस मिनिटं कोण रोखणार?

मग थोडं जास्त. मग एक मिली.
दूध असं लागतं? रुंजीने विचारलं.
कसं गं?
पांढरं.

तीन मिली.
सुनीतीने कानामागे पाहिलं, पोट पाहिलं,
गुडघ्यांच्या मागच्या लवणी पाहिल्या. काही नाही.
आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो,
तेवढं हसायला नको होतं.

दहा मिली. अकराव्या मिनिटाला
ती म्हणाली, बाबा, माझी जीभ मोठी होतेय.
खोकली. परत खोकली.
झाकलेली सुई उघडली.
मी तिची मांडी धरून ठेवली होती,
तार ओढताना धरतो त्याहून घट्ट.
येऊरवर एक घार फिरत होती, फिरतच होती.
मग ओठांचा रंग परत आला
आणि तिने सिस्टरला विचारलं,
आता शाळेत सांगू का, मी दूध प्यायले?

नापास नाही हं, डॉक्टरबाई म्हणाल्या, आकडा मिळाला.
तीनला गप्प, दहाला पेटते. उंबरठा मधे कुठेतरी.
प्यायला अजून द्यायचं नाही,
पण भांड्याला, हाताला, पाप्याला
आता एवढं भिऊ नका.
अंड्याचं दिवाळीनंतर बघू.

रात्र त्यांनी ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी
मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं.
डाग साफ करायचा ब्रश चहात बुडवला,
झटकला, काट्यावर ठेवला. कोरडा ब्रश वजा केला.
दोनशे दहा मिलिग्रॅम.
आमच्या चहात दूध निम्मं.
म्हणजे गुंजेहून कमी.
एवढ्यावर तेव्हा जीव टांगला होता.
तीन मिली म्हणजे पंचवीस गुंजा.
दोनदा मोजलं. पोराचं वजन करताना
गिऱ्हाईक समोर असल्यासारखं वागतो मी.

घरी आलो तेव्हा ती झोपली होती.
तरी तोंड धुतलं, साबणाने, परत एकदा.
आरशात वरच्या ओठावर खुंट टोचत होते.
उद्या दाढी करताना
तेवढी जागा सोडून बघू.